टोकियोतले ऋतू आणि उत्सव: एक आळी धरा, वर्षभर तिच्या मागे चाला

मोन्नाकावासी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

मे-जून आला की ओळखीपाळखीच्यांचे निरोप सुरू होतात. 'अमुक तारखेला टोकियोत आहोत, कुठली जत्रा चुकवू नये?' प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा इथे धागा काढते, म्हणजे इतरांचीही भर पडेल.

मी टोकियोत अकरा वर्षं आहे, त्यातली आठ मोन्झेन-नाकाचोला. इथली माणसं त्याला नुसतं मोन्नाका म्हणतात. सुमिदा नदीच्या पूर्वेचा जुना फुकागावा भाग तो हाच. पहिली तीन वर्षं मी नाव ऐकलेल्या प्रत्येक उत्सवाला धावत गेले. मेमध्ये असाकुसाची सान्जा, जुलैच्या शेवटच्या शनिवारी सुमिदाची आतषबाजी, ऑगस्टअखेर कोएन्जीचा आवा ओदोरी हा नाच. फोटो ढिगानं जमले. पण पुढच्याच्या डोक्यावरून जेवढं दिसलं तेवढंच पदरात पडलं.

मग इथे भाड्यानं घर घेतलं आणि खालच्या मजल्यावरच्या आजींनी मला चोनाइकाइत ओढलं. चोनाइकाइ म्हणजे आळीची समिती. थोडीशी वर्गणी असते, कचऱ्यावर टाकायची जाळी धुवायची पाळी असते, भूकंपाची कवायत असते, आणि वर्षअखेरीला रात्री लाकडी टाळ्या वाजवत 'आग सांभाळा' असं ओरडत आळीतून फिरायचं असतं. दोन वर्षं मी हे सगळं केलं. नंतर एका ऑगस्टमध्ये आजींनी निळा हान्तेन, म्हणजे आळीचं नाव पाठीवर छापलेला आखूड अंगरखा, घडी करून माझ्या हातात ठेवला. म्हणाल्या, 'यंदा खांदा दे.'

तोमिओका हाचिमान हे इथलं देऊळ १६२७ सालचं. त्याची जत्रा १५ ऑगस्टच्या सुमाराला असते आणि दर तीन वर्षांनी मोठी जत्रा भरते. करोनामुळे लांबलेली मोठी जत्रा २०२३ च्या ऑगस्टमध्ये झाली. पन्नासाहून अधिक आळ्यांच्या मिकोशी, म्हणजे देवाच्या पालख्या, पहाटेपासून एकामागोमाग निघतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची माणसं भोयांवर पाणी ओततात. बादल्यांनी, पाइपांनी, ट्रकवर बांधलेल्या ताडपत्रीच्या हौदांतून. अग्निशमनवाले तर नळीच सोडतात. पस्तीस अंशांच्या उकाड्यात ते पाणी अंगावर पडलं की पुढची शंभर पावलं कशी निघून जातात कळत नाही.

दांडा खांद्यावर आला तेव्हा पहिल्या दहा मिनिटांत माझी कातडी सोलली. शेजारच्या माणसानं चालता चालता स्वतःच्या मानेवरचा तेनुगुइ (सुती पंचा) काढला, चार घड्या केल्या आणि माझ्या खांद्याखाली सरकवला. त्याचं नाव मला आजही माहीत नाही. तेव्हापासून ओळख म्हणजे जत्रेपुरती दांड्याखाली, तो माझ्या डावीकडे.

सांगायचं ते एवढंच की टोकियोतला उत्सव हा त्या त्या आळीचा असतो. शहर सव्वा कोटीच्या वर माणसांचं, पण देव, पालखी, वर्गणीदारांचा फलक, अंगरख्याचा रंग, सगळं चार गल्ल्यांपुरतं. त्यामुळे दहा ठिकाणी धावण्यापेक्षा एक भाग धरा आणि त्याचं वर्ष बघा. आठवडाभरच येणार असाल तरीही. आपापल्या भागातलं लिहा, मीही भर घालीन.

रानवारा

सुंदर धागा, ताई. थोडी इतिहासाची भर.

एदो काळापासून (१६०३ ते १८६८, शोगुन म्हणजे लष्करी सत्ताधीशांची राजवट) तीन मोठे उत्सव मानले जातात: कांदा म्योजिन देवळाचा, हिए देवळाचा सान्नो आणि तुमचा फुकागावाचा. 'पालखी फुकागावाची, रथ कांदाचे, ऐसपैस ते सान्नो' अशा अर्थाची एक जुनी म्हण आहे. कांदा आणि सान्नोच्या मिरवणुकांना शोगुनच्या गढीत प्रवेश होता. आजही त्या दोघांनी वर्षं वाटून घेतली आहेत. विषम वर्षी मेमध्ये कांदा, सम वर्षी जूनमध्ये सान्नो. मोठा सोहळा बघायचा असेल तर आधी साल विषम की सम ते बघा.

म्हणीतले ते उंच रथ मात्र टोकियोच्या रस्त्यांवरून जवळजवळ गेले. मेइजी काळात (१८६८ ते १९१२) ट्रामच्या आणि विजेच्या तारा आल्या, उंच रथ त्यांखालून जाईनात, आणि मग भर पालख्यांवर आला. आपल्याकडे गणपतीच्या मूर्तीची उंची आणि तारा हा विषय दर वर्षी निघतो, त्यामुळे हे वाचताना पटकन समजेल.

फुकागावाची एक दुःखद आठवणही आहे. १८०७ साली बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर जत्रा भरली, पावसानं पुढे ढकलली गेली आणि शेवटी प्रचंड गर्दी लोटली. एका बड्या घराण्याची नाव खालून जायची म्हणून एइताइ पूल काही वेळ अडवला होता. सोडल्याबरोबर गर्दी घुसली आणि लाकडी पूल कोसळला. मागच्यांना पुढचं दिसत नव्हतं, ते ढकलतच राहिले. १४०० हून अधिक माणसं गेली असं सांगतात. गर्दीला मागे फिरवण्यासाठी एका सामुराईनं तलवार उपसून फिरवली अशी कथा आहे. आज त्याच नावाच्या पोलादी पुलावरून पालख्या जातात.

मोन्नाकावासी

रानवारा, धन्यवाद. पुलावर आलं की आमच्या आळीतले जुने लोक क्षणभर गप्प होतात, त्याचं कारण मला आजींनी असंच सांगितलं होतं.

आणखी एक. देवळाच्या जुन्या सोन्याच्या तीन पालख्या १९२३ च्या भूकंपात गेल्या. आत काचेमागे जी मोठी पालखी दिसते ती १९९१ ची, साडेचार टनांच्या आसपास. एवढी जड की तिला खांद्यावर फिरवणं जमेना, म्हणून १९९७ मध्ये दोन टनांची दुसरी केली. मिरवणुकीत असते ती ही दुसरी.

घाटावरचा

ताई, आम्ही चौघं पुण्याहून जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात येतोय. बायको, मी, आई (वय ७१) आणि नऊ वर्षांची मुलगी. ट्रॅव्हलवाल्यानं सांगितलं की जुलैच्या सुरुवातीला पाऊस असतो, काही नसतं. खरं का? आणि आई शुद्ध शाकाहारी.

अबोली

अजिबात खरं नाही! माझ्या मते जुलैचा पहिला पंधरवडा हा जुन्या टोकियोचा सगळ्यात गोड काळ आहे. मी दोन मुलांना घेऊन दर वर्षी जाते.

६ ते ८ जुलै इरिया भागात असागाओ-इची भरते. इची म्हणजे बाजार. असागाओ म्हणजे मॉर्निंग ग्लोरी, आपल्याकडे कुंपणावर चढते ती निळी-जांभळी वेल. एका कुंडीत तीन-चार रंगांच्या वेली कामट्यांच्या कड्यांवर चढवलेल्या असतात. फुलं दुपारी मिटतात, म्हणून पहाटेच जायचं. आम्ही साडेसहाला पोचतो. विक्रेत्या बायका फुलं मोजून दाखवतात, 'उद्या या चार कळ्या उमलतील' असं बोट ठेवून सांगतात. आणि दुसऱ्या दिवशी त्या उमलतात. माझा धाकटा तर उठल्याबरोबर गॅलरीत पळतो.

मग लगेच ९ आणि १० जुलैला असाकुसाच्या सेन्सोजी देवळात होझुकी-इची. होझुकी आपल्या रसभरीच्या जातीचं झाड. फळाभोवतीचं कागदी आवरण मात्र भडक शेंदरी, टांगलेल्या कंदिलासारखं. प्रत्येक कुंडीला काचेची घंटी बांधलेली असते. शेकडो घंट्या एकदम किणकिणतात. पावसाळी, चिकट हवेत तो आवाज ऐकला की खरंच गार वाटतं.

१० जुलैला सेन्सोजीत कान्नोनचं, म्हणजे करुणेच्या देवीचं, दर्शन घेतलं की ४६,००० दिवसांच्या दर्शनाचं पुण्य मिळतं असं मानतात. आईंना हे जरूर सांगा. आषाढीच्या आगेमागे येतो हा दिवस, त्यांना आवडेल.

शाकाहाराचं खरं सांगते. गाड्यांवर अडचण येते. याकिसोबात डुकराचं मांस, ताकोयाकीत ऑक्टोपस, आणि दिसायला निव्वळ भाजी असली तरी रसात माशाचा दाशी (अर्क). निर्धास्त खाण्यासारखं म्हणजे उकडलेल्या बटाट्यावर लोणी, साखरेच्या पाकातलं सफरचंद, बर्फाचा गोळा. भाजलेल्या कणसावर सोया सॉस लावतात, तो चालत असेल तर कणीस. बाकी घरून दशम्या, पराठे आणा.

रानवारा

४६,००० चा हिशोब कुठून आला याची एक व्युत्पत्ती सांगतात. एक शो मापात तांदळाचे साधारण तेवढे दाणे मावतात, आणि 'इश्शो' हा उच्चार 'एक माप' आणि 'एक आयुष्य' या दोन्हींचा. म्हणजे आयुष्यभराचं पुण्य. ४६,००० दिवस म्हणजे सव्वाशे वर्षं होतातच की.

आणि अबोलीताई, इरियाचा बाजार ज्या देवळाभोवती भरतो त्या किशिमोजिनबद्दल लिहायला हवं. ही आपली हारीती. दुसऱ्यांची मुलं पळवून खाणारी यक्षिणी. बुद्धानं तिचं धाकटं पोर भिक्षापात्राखाली लपवलं तेव्हा तिला आईच्या जिवाची तगमग कळली आणि ती मुलांची रक्षणकर्ती झाली. अजिंठ्याच्या लेणे क्रमांक २ मध्ये हारीती आणि तिचा नवरा पांचिक शेजारी बसलेले आहेत, भोवती मुलं खेळताहेत. तीच देवी चीनमार्गे इथे आली. तिच्या नावातलं पहिलं अक्षर 'राक्षस' असं आहे, पण इरियाला ते लिहिताना वरचं छोटं शिंग गाळतात. आता ती राक्षसीण राहिली नाही, म्हणून.

अबोली

बाप रे. सात वर्षं तिथे जातेय, त्या अक्षराकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं. या वेळी मुलांना दाखवीन.

काळा_पहाड

धागा चांगला आहे, पण एक मनापासून म्हणायचंय. दर दुसऱ्या प्रतिसादात 'ही आपली अमुक, ते आपलं तमुक' चाललंय. हजार-बाराशे वर्षं या लोकांनी त्या देवांना स्वतःचं केलंय, त्यांच्या कथा, त्यांची चव वेगळी झाली आहे. प्रत्येक ठिकाणी आपलंच शोधत राहिलो तर समोरचं दिसत नाही. मी कोएन्जीला सहा वर्षं राहिलो. आवा ओदोरीला 'यांचा गरबा' म्हणणारे पाहुणे ऐकले की वाईट वाटायचं.

मोन्नाकावासी

काळा_पहाड, तुमचं म्हणणं मला मान्य आहे, आणि मी स्वतः ही चूक केली आहे. पहिल्या वर्षी मी आजींना उत्साहानं सांगितलं की तुमची बेन्झाइतेन म्हणजे आमची सरस्वती. त्या हसून 'हो का' म्हणाल्या आणि मला फुयुकीच्या छोट्या बेन्तेन-दोत, म्हणजे तिच्या देवळात, घेऊन गेल्या. तिथे झाडलोट केली, पाणी बदललं, दिवा लावला. परत येताना म्हणाल्या, 'माझ्या सासूबाई हिच्याकडे रोज यायच्या.' त्यांच्यासाठी ती देवी भारतातून आलेली नव्हती, सासूबाईंकडून आलेली होती. तेव्हापासून मी आधी ऐकते.

पण ओळख पटल्याचा आनंद मी सोडणार नाही. आमच्याच रस्त्यावर फुकागावा फुदो-दो हे देऊळ आहे. फुदो म्हणजे अचल. नव्या मुख्य मंडपाच्या बाहेरच्या भिंती आख्ख्या सिद्धम् (संस्कृत मंत्रांची जुनी लिपी) अक्षरांनी भरल्या आहेत, अचलाचा मंत्र. आत दिवसातून अनेक वेळा गोमा होतो. गोमा म्हणजे होम, शब्दही तोच. ढोल एवढे वाजतात की छातीत जाणवतं, आणि ज्वाळा पुजाऱ्याच्या डोक्याच्या वर जातात. आई इथे आली होती तेव्हा तिनं न सांगता हात जोडले. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही.

चिंच_गूळ

कोएन्जीचं नाव निघालं म्हणून लिहिते. मी तिथल्या एका रेनमध्ये (नाचणाऱ्यांच्या चमूत) चौथं वर्ष नाचतेय.

हा नाच मुळात तोकुशिमाचा, तिकडचं जुनं नाव आवा. कोएन्जीनं तो १९५७ मध्ये उचलला, बाजारपेठेतल्या तरुणांनी गिऱ्हाईक यावं म्हणून. सुरुवातीला कुणाला धड येतही नव्हता. आज ऑगस्टच्या शेवटच्या शनिवार-रविवारी दहा हजारांच्या आसपास नाचणारे उतरतात आणि बघणारे लाखांनी.

बघणाऱ्याला दोन दिवस दिसतात, पण आमचा सराव जवळजवळ वर्षभर चालतो. बायकांचा नाच बघताना पायांकडे बघा. गेता (लाकडी खडावा) पूर्ण टेकवत नाहीत, फक्त पुढची कड. टाचा वर, गुडघे किंचित वाकलेले, हात डोक्याच्या वर, आणि हे सगळं एकाच उंचीवर ठेवून दोन तास पुढे सरकायचं. पहिल्या वर्षी माझ्या अंगठ्याजवळचे फोड सप्टेंबरभर राहिले होते. आमच्या शिक्षिका म्हणतात, बोटांच्या टोकांनी आभाळ चिमटीत धर. मी बारा वर्षं भरतनाट्यम केलं होतं, पण त्याची सवय मोडायलाच एक वर्ष गेलं. तिथे पाय जमिनीला सांगतो, इथे जमीन टाळायची.

काळा_पहाड, म्हणून तुमचं बोलणं मला फार पटलं. शेजारी ठेवलं तरच दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या कळतात.

निशिकासाईकर

मी थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका. मी निशि-कासाईला पंधरा वर्षं आहे. आमच्याकडे भारतीय खूप, आपला गणेशोत्सव होतो, दिवाळी होते, सगळं आहे. पण स्थानिक उत्सवात मला कधी आत घेतलं नाही. एकदा दुसऱ्या एका भागातल्या पालखीला हात लावायला गेलो तर एका गृहस्थानं मनगट धरून बाजूला केलं. मुलीसमोर. पुन्हा गेलो नाही.

मोन्नाकावासी

दादा, वाचून वाईट वाटलं. त्या माणसानं बोलून सांगायला हवं होतं, मनगट धरायला नको होतं.

नियम मात्र खराच आहे आणि तो जपान्यांनाही तसाच लागू आहे. ज्या आळीची पालखी, तिचा हान्तेन अंगावर असल्याशिवाय दांड्याला हात लावायचा नाही. शेजारच्या आळीतल्या माणसालाही नाही. कारण काही झालं तर जबाबदारी त्या आळीची. आत घुसलेला एक अनोळखी माणूस उंचीत कमी-जास्त असला की वजन एका खांद्यावर येतं, कुणाचं तरी गळ्याचं हाड मोडतं.

आणि हे लोक स्वतःच्या माणसांशीही कडक वागतात. २००७ च्या सान्जात काही जण पालखीवर चढले होते, तर पुढच्या वर्षी देवळानं स्वतःच्या तिन्ही पालख्या बाहेरच काढल्या नाहीत. असाकुसासारख्या ठिकाणी, जिथे त्या तीन पालख्यांसाठी माणसं वर्षभर जगतात.

पण दार बंद नाही. बहुतेक आळ्यांत आता खांद्यांची कमतरता आहे. तरुण पोरं निघून गेली, उरलेल्यांची पन्नाशी-साठी उलटली, बाहेरची पालखी-मंडळं बोलवावी लागतात. तुमच्या इमारतीच्या सूचनाफलकावर चोनाइकाइचा कागद असेल. त्यांना जाऊन विचारा, 'झाडलोटीला येऊ का?' पालखीचं विचारू नका, झाडलोटीचं विचारा. मुलगी लहान असेल तर मुलांची छोटी पालखी असते. मुलांना दोरी धरायला देतात आणि शेवटी खाऊची पिशवी. तिथे सहसा कुणी कुणाला अडवत नाही.

निशिकासाईकर

हे कारण मला कुणीच सांगितलं नव्हतं. मुलगी आता सोळाची आहे. बघतो.

दादरचे_आजोबा

माझं वय ७८. मुलाकडे दर हिवाळ्यात तीन महिने असतो. तुमचा धागा रोज वाचतो. सगळं उन्हाळ्याचं चाललंय, आमच्यासारख्या थंडीत येणाऱ्यांनी काय करावं?

अबोली

काका, हिवाळा तर भरलेला आहे! पण तुम्ही नोव्हेंबरातच आलात तर बरं. तोरी-नो-इची चुकवू नका.

जुन्या पंचांगात दिवसांना बारा प्राण्यांची नावं आहेत. त्यातल्या कोंबड्याच्या दिवशी नोव्हेंबरात हा बाजार भरतो, कधी दोनदा, कधी तीनदा. तीनदा आला त्या वर्षी आगी फार लागतात असा समज आहे. असाकुसाच्या ओतोरी देवळात मध्यरात्री ढोल वाजला की सुरू. विकतात काय, तर कुमादे, म्हणजे बांबूचं दाताळं. शेतात पाला ओढायचं ते. त्यावर हसऱ्या बाईचा मुखवटा, सोन्याची नाणी, लाल मासा, तांदळाची लोंबी असं सगळं रचलेलं. येत्या वर्षीचं सुख त्यानं ओढून आणायचं. तळहाताएवढ्यापासून माणसाच्या उंचीपर्यंत. दर वर्षी जुनं परत द्यायचं आणि जरा मोठं घ्यायचं.

घासाघीस बघण्यासारखी असते. आमच्या खालच्या नूडलवाल्या काकांबरोबर मी गेले होते. त्यांनी भाव पाडला, आणखी पाडला, विक्रेता कपाळाला हात लावून 'घ्या' म्हणाला. मग काकांनी मूळ भावच पुढे केला आणि वाचलेले पैसे बक्षीस म्हणून परत दिले. तसाच रिवाज आहे. भाव कमी करून घेतल्याचा मान गिऱ्हाइकाला, पैसे दुकानदाराला. मग गाळ्यावरची सगळी माणसं उभी राहून एका लयीत टाळ्या वाजवतात, लांबपर्यंत ऐकू जातात. त्या रात्री अशा टाळ्या दर मिनिटाला कुठे ना कुठे वाजत असतात. तिथेच शुभ म्हणून मोठाल्या अळकुड्याही विकतात. घरी आणून मी उपासाची भाजी केली होती.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला सेत्सुबुन, दाणे फेकून राक्षसाला घालवायचं आणि वयाइतके दाणे खायचे. सगळीकडे 'राक्षस बाहेर, भाग्य आत' म्हणतात. सेन्सोजीत 'राक्षस बाहेर' म्हणत नाहीत. कान्नोनसमोर राक्षस टिकतच नाही, मग हाकलायचं कुणाला?

मोन्नाकावासी

काका, जानेवारीसाठी माझ्याकडून दोन ठिकाणं.

७ जानेवारीला मात्सुचियामा शोदेनचा मुळ्याचा उत्सव. असाकुसाहून नदीकाठानं चालत पंधरा मिनिटं. इथला देव कांगितेन, गजमुख. मूर्ती कुणालाही दाखवत नाहीत, पुजाऱ्यांनाही सहजी नाही, त्यामुळे बघायला मिळेल या अपेक्षेनं जाऊ नका. त्याला पांढरा मुळा वाहतात. देवळात जिथे बघाल तिथे दोन मुळे एकमेकांत गुंतलेले आणि पैशाची थैली कोरलेली दिसेल, पायऱ्यांवर, कंदिलांवर. ७ तारखेला वाहिलेल्या मुळ्याच्या जाड चकत्या उकडून, वर मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचं वाटण) घालून भाविकांना वाढतात. देऊळ टेकाडावर आहे, पण वर जायला छोटी डब्याची गाडी आहे, गुडघ्यांची काळजी नको.

दुसरं, २४ आणि २५ जानेवारीला कामेइदो तेन्जिन देवळाची उसो-काए. उसो म्हणजे एक छोटा पक्षी, आणि त्याच उच्चाराचा दुसरा शब्द म्हणजे खोटं. लाकडाचा तासलेला पक्षी घ्यायचा. गेल्या वर्षीचा परत करून नवा घेतला की वर्षभरातलं वाईट सगळं खोटं ठरतं. आजींचे यजमान गेले त्या वर्षी त्या गेल्या नाहीत. म्हणाल्या, हे खोटं ठरणार नाही. पुढच्या वर्षी मात्र दोन पक्षी आणले, एक मला.

घाटावरचा

(जुलैत टोकियोहून परत आल्यावर)

मंडळी, मनापासून आभार. इरिया आणि होझुकी-इची दोन्ही झालं. पाऊस होता, पण प्लास्टिकच्या छत्र्यांवर शेंदरी रंग पडलेला दिसत होता. कुंडी विमानात नेता येत नाही म्हटल्यावर विक्रेत्या बाईंनी नुसती काचेची घंटी सोडवून मुलीला दिली. आईनं सेन्सोजीत पाऊण तास बसून विष्णुसहस्रनाम म्हटलं. कुणी काही बोललं नाही, एका म्हाताऱ्या बाईंनी फक्त सरकून जागा करून दिली.

नदीकाठच्या एका आळीत संध्याकाळी आडव्या गल्लीत मंडप दिसला. बोनची, म्हणजे पूर्वजांच्या सणाची, तयारी होती. टोकियोत बोन जुलैच्या मध्याला असतो, बाकी देशात बहुतेक ठिकाणी ऑगस्टमध्ये, हे तिथेच कळलं. एका दारात काड्यांचे पाय लावलेली काकडी आणि वांगं ठेवलं होतं. काकडीचा घोडा, पूर्वजांनी लवकर यावं म्हणून. वांग्याची गाय, त्यांनी सावकाश परत जावं म्हणून. आई तिथे बराच वेळ उभी होती. बाबांना जाऊन दोन वर्षं झालीत.

काळा_पहाड

वाचलं. छान लिहिलंत.

निशिकासाईकर

सप्टेंबरात आमच्या भागातल्या देवळाची जत्रा होती. आधीच्या रविवारी झाडलोटीला गेलो, मुलीला घेऊन. तीन तास गवत उपटलं. हान्तेन मिळाला नाही. पण मंडपात सरबत वाटायला उभं केलं आणि वर्गणीदारांच्या फलकावर माझं नाव काताकाना (परक्या नावांसाठीची जपानी लिपी) अक्षरांत लिहून लावलं. मुलीनं फोटो काढून आजीला पाठवला. पुढच्या महिन्यातल्या भूकंपाच्या कवायतीला बोलावलंय.

दादरचे_आजोबा

(८ जानेवारी)

काल मात्सुचियामाला जाऊन आलो. सून बरोबर होती. साडेदहाला रांगेत लागलो, तासाभरानं चकती मिळाली. वाफ येत होती, हात गार पडले होते, वाटी दोन्ही हातांत धरून उभा राहिलो. मुळा इतका गोड असतो हे या वयात कळलं. काठीनं आधार घेतलेला बघून रांगेतल्या एका मुलानं स्वतःची बसायची घडीची खुर्ची दिली.

गाभाऱ्यासमोर पडदा होता. अथर्वशीर्ष मनातल्या मनात म्हटलं. सूनबाईंनी एक मुळा विकत घेऊन वाहिला. जाताना एका तरुण पुजाऱ्यानं आधी वाहून झालेला दुसरा मुळा आमच्या हातात दिला. प्रसाद. तो पिशवीतून घरी आणला. पाल्यासकट होता, त्यामुळे पाल्याची हरभऱ्याची डाळ घालून भाजी आणि मुळ्याची दह्यातली कोशिंबीर केली. नातवानं दोनदा मागून घेतली.

मोन्नाकावासी ताई, २४ तारखेला कामेइदोला जायचं आहे. पक्षी सकाळी लवकर संपतात का, तेवढं सांगा.

मोन्नाकावासी

काका, मोठे पक्षी लवकर संपतात, लहान टिकतात. मी आणि आजी आठ वाजता लाल कमानी पुलाजवळ असू. आजी जांभळ्या स्वेटरमध्ये असतात, पटकन ओळखाल. थंडी फार असते, मफलर घ्या.